‘पांगवले’ म्हणजे नेमकं काय केलं? क्वीन्सलँडच्या नेटिव्ह पोलीस नोंदी मराठीत आणताना

दप्तरदिरंगाई

मराठी विकिपीडियासाठी हॉर्नेट बँक प्रकरणावर लेख लिहायला घेतलाय. घटना थोडक्यात अशी. ऑस्ट्रेलियात, आजच्या क्वीन्सलँडमध्ये, डॉसन नदीच्या वरच्या खोऱ्यात, टरूम गावाजवळ, फ्रेझर कुटुंबाचं हॉर्नेट बँक नावाचं स्टेशन होतं. (स्टेशन म्हणजे रेल्वेचं नव्हे. तिकडे मेंढ्या-गुरांच्या अवाढव्य कुरणाला स्टेशन म्हणतात.) २७ ऑक्टोबर १८५७ च्या पहाटे तिथल्या मूलनिवासी यिमान लोकांनी तिथे हल्ला केला. विधवा मार्था फ्रेझर, तिची सात मुलं, मुलांचा शिक्षक आणि दोन गडी असे ११ जण मारले गेले. चौदा वर्षांचा सिल्व्हेस्टर डोक्यात सोटा बसून पलंग आणि भिंत यांच्यातल्या फटीत पडला, म्हणून वाचला. त्यानंतर कित्येक महिने नेटिव्ह पोलीस (गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखालचं मूलनिवासी शिपायांचं सरकारी दल) आणि आजूबाजूचे स्टेशनवाले यिमानांना शोधून शोधून मारत होते.

अडलोय तो या शेवटच्या वाक्यापाशी. ११ मृतांची नावं मिळतात. यिमान किती मेले याला मात्र कुठे १५०, कुठे ३००, कुठे त्याहून जास्त. आणि मूळ कागदात मारल्याचा उल्लेखच नाही, सगळीकडे ‘डिस्पर्स्ड’. मी भाषांतर केलं, ‘पोलिसांनी टोळीला पांगवले’. चर्चापानावर एकाने हे वाक्य दिशाभूल करणारं आहे असा शेरा मारलाय.

तर प्रश्न असे: या शब्दाचं मराठीत काय करायचं? आकडा कोणता द्यायचा आणि कशाच्या आधारावर? ‘यिमान जमात नामशेष झाली’ असं दोन-तीन ठिकाणी वाचलं, ते घेऊ का? आणि नेटिव्ह पोलीस म्हणजे आपल्याकडच्या खानदेश भिल्ल पलटणीसारखं काही, असं समजावून सांगितलं तर चालेल का?

मोडीवाचक

शेरा मारणाऱ्याचं बरोबर आहे. ‘पांगवले’ आधी काढा. मराठी वाचकाच्या डोक्यात ‘सौम्य लाठीमार करून जमाव पांगवला’ ही बातमी पक्की बसलेली आहे. तुमचं वाक्य वाचून त्याला वाटेल, चार काठ्या पडल्या, लोक पळाले आणि रात्री आपापल्या घरी जेवले.

या शब्दाचा अर्थ तर्काने काढायची गरज नाही, तो छापील साक्षीत आहे. १८६१ साली क्वीन्सलँडच्या विधिमंडळाने नेटिव्ह पोलिसांच्या कारभारावर समिती नेमली होती. तिच्यापुढे लेफ्टनंट फ्रेडरिक व्हीलर उभा होता. पांगवणं म्हणजे काय, असं त्याला सरळ विचारलं गेलं आणि त्याने सरळ सांगितलं: त्यांच्यावर गोळ्या झाडणं. बायकांवर झाडू नका अशी सक्त ताकीद दिली होती, हेही त्याने सांगितलं; अंधारात कधीमधी चूक होते, हेही. समितीने दल कायम ठेवलं. व्हीलरही नोकरीत राहिला. १८७६ मध्ये एका तरुणाच्या मृत्यूबद्दल त्याच्यावर खुनाचा आरोप आला तेव्हा तो जामिनावर सुटला आणि पळाला.

आता हा शब्द का रुजला ते बघा, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. कागदोपत्री मूलनिवासी हे ब्रिटिश राजसत्तेचे प्रजाजन होते. आपल्याच प्रजेशी सरकार युद्ध करू शकत नाही, आणि प्रजाजनाला मारणं म्हणजे खून. त्यामुळे ‘इतके मारले’ असं लिहिणारा अधिकारी स्वतःविरुद्ध कबुलीजबाब लिहीत असतो. सुरुवातीला ही भीती नव्हती. एप्रिल १८१६ मध्ये गव्हर्नर मॅक्वारीने सिडनीच्या आसपास फौजेच्या तुकड्या पाठवल्या तेव्हा, विरोध करणाऱ्यांना गोळ्या घाला आणि मेलेल्यांना सगळ्यांना दिसेल असं झाडांना टांगा, असा लेखी हुकूम दिला. (हा मॅक्वारी त्याआधी बरीच वर्षं मुंबईच्या फौजेत होता, १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या वेढ्यातही होता.) १७ एप्रिलला ॲपिनजवळ कॅप्टन वॉलिसच्या तुकडीने किमान १४ जण मारले आणि आकडा वर कळवला. १८२४ मध्ये बाथर्स्टच्या विराजुरी लोकांविरुद्ध गव्हर्नर ब्रिस्बेनने ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत लष्करी कायदाच पुकारला. तेही उघडउघड.

१८३८ मध्ये मायऑल क्रीकच्या खटल्यात मूलनिवासींच्या खुनाबद्दल सात जण फासावर गेले आणि त्यानंतर कागदांची भाषा बदलत गेली. क्वीन्सलँडचं दल मोठं झालं ते या काळात. १८६६ ची त्यांची नियमावली बघा. मूलनिवासींचा मोठा जमाव दिसला की तो पांगवणं हे अधिकाऱ्याचं कर्तव्य, आणि लगेच पुढे ‘विनाकारण बळ न वापरता’. दोन्ही एकाच नियमात. फक्त हा १८६६ चा नियम तुमच्या १८५७ च्या लेखात आधार म्हणून घुसडू नका. लोक सर्रास करतात.

मराठीत मी असं करीन: पहिल्यांदा शब्द येईल तिथे ‘‘पांगवले’, म्हणजे त्या काळच्या सरकारी भाषेत गोळ्या घातल्या’ असं उघड करून लिहायचं आणि पुढे आपल्या वाक्यात साधं ‘गोळ्या घातल्या’ किंवा ‘मारले’. ‘पांगवले’ फक्त अवतरणचिन्हात, कोणाचा शब्द आहे ते सांगून. ‘टोळी’ही नको. मराठीत टोळी म्हटलं की दरोडेखोर किंवा टोळधाड. ‘लोक’, ‘गट’, ‘कुटुंबसमूह’, जे असेल ते.

भिल्ल पलटणीची तुलना करू नका, म्हणजे साम्य म्हणून करू नका. १८२५ पासून आउट्रामने खानदेशात भिल्लांना त्याच मुलखात पलटणीत घेतलं. तिथली माहिती, तिथली नाती हेच त्यांचं भांडवल होतं. नेटिव्ह पोलिसांचा पाया नेमका उलटा. १८४८ मध्ये फ्रेडरिक वॉकरने पहिले १४ शिपाई घेतले ते मरे, मरमबिजी, एडवर्ड या दक्षिणेकडच्या नद्यांवरचे, आणि १८४९ मध्ये त्यांना नेलं शेकडो मैल उत्तरेला. ज्यांच्यावर पाठवायचे त्यांची भाषा येत नाही, नातं नाही, पळून जायचं तर वाटेत सगळा परका मुलूख. म्हणूनच परके निवडले. तरीही लोक पळत, आणि पुढे पुढे भरतीत जबरदस्तीही होती. शिपाई काळे आणि वर अधिकारी गोरा, ही रचना आणखी एका कामाची होती: ‘काळ्यांनीच काळ्यांना मारलं’ म्हणायची सोय. तुमच्या लेखात हुकूम कोणाचा होता ते वाक्यात आलं पाहिजे.

कोरा_कागद

आकड्याआधी कागद कुठे शोधताय ते सांगा. ब्रिस्बेनच्या दफ्तरात शोधत असाल तर हात हलवत परत याल. क्वीन्सलँड वेगळी वसाहत झाली १० डिसेंबर १८५९ ला. हॉर्नेट बँक १८५७ चं, म्हणजे त्या वेळी तो मुलूख न्यू साउथ वेल्सचा. सरकारी पत्रव्यवहार सिडनीच्या दफ्तरात. हीच गंमत इतरत्रही आहे. व्हिक्टोरिया १ जुलै १८५१ पर्यंत न्यू साउथ वेल्समध्ये होता. नॉर्दर्न टेरिटरी १८६३ पासून साउथ ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात आणि १ जानेवारी १९११ पासून केंद्राकडे, त्यामुळे १९२८ च्या कॉनिस्टन हत्याकांडाचे कागद राष्ट्रीय अभिलेखागारात. कुठल्याही घटनेचा शोध घेण्याआधी ‘त्या दिवशी इथे सरकार कोणाचं होतं’ हा प्रश्न सोडवा, महिनाभराची पायपीट वाचते.

मग वर्तमानपत्रं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ट्रोव्ह हे संकेतस्थळ फुकट आहे आणि १८५७ ची वर्तमानपत्रं त्यावर आहेत. शोधताना दोन खड्डे. एक, जुनी छपाई यंत्राने वाचताना अक्षरं चुकतात आणि मुळातही स्पेलिंग एक नसतं. फ्रेझर हे नाव ‘एस’ आणि ‘झेड’ दोन्हींनी शोधा. यिमान हे ‘वाय’ने, ‘जे’ने आणि नुसतं ‘इमान’ म्हणूनही येतं, पण त्या काळच्या बातमीत लोकांचं नावच नसण्याची शक्यता जास्त. ‘डॉसन ब्लॅक्स’ असं नदीच्या नावाने शोधा. दोन, ‘मॅसकर’ (कत्तल) शब्दाने शोधलं तर फक्त गोरे मेल्याच्या बातम्या येतील. ‘आउटरेज’ (अत्याचार) आणि ‘डेप्रिडेशन’ (लूटमार) हेही मूलनिवासींनी केलेल्या गोष्टींचे शब्द. उलट बाजूसाठी वेगळे शब्द होते: ‘कोलिजन’ (टक्कर), ‘रेनकाँटर’ (चकमक), ‘चॅस्टाइज्ड’ (शासन केलं), ‘धडा शिकवला’ आणि अर्थात ‘डिस्पर्स्ड’. तारखेची मर्यादा घटनेपासून दोन दिवस नाही, किमान सहा महिने ठेवा. डॉसनची बातमी घोड्यावरून येई आणि सूडाची बातमी तर तुकड्यातुकड्याने, भलत्याच मजकुरात, लोकरीच्या भावांच्या आणि पावसापाण्याच्या पत्रात एका ओळीत.

सरकारी अहवालापेक्षा खासगी पत्रं जास्त बोलतात, कारण ती वर जाणार नसतात. हॉर्नेट बँकचंच उदाहरण घ्या. पीअर्स सेरोकोल्ड नावाच्या स्टेशनवाल्याने लिहून ठेवलंय की ते १२ जण शिधा घेऊन निघाले, तीन आठवडे आसपासचा शंभर मैलांचा मुलूख पालथा घातला आणि सापडलेल्या एकाही प्रौढ काळ्याला सोडलं नाही. या जथ्याला ‘द ब्राउन्स’ म्हणत. यात पोलीस नाहीत, म्हणजे पोलीस दफ्तरात यातलं काही असणार नाही. शिवाय वर उल्लेख आलेला फ्रेडरिक वॉकर तोवर नोकरीतून बडतर्फ झाला होता आणि जुने शिपाई गोळा करून त्याच भागात स्वतःचं खासगी दल चालवत होता. तेही दफ्तराबाहेर. म्हणजे एकाच हंगामात किमान तीन वेगळे मारेकरी गट आणि त्यातल्या एकाचाच सरकारी कागद. आकडे १५० ते ३०० आणि वर असे का हलतात ते यावरून कळेल. आकडा एक देऊ नका; पल्ला द्या आणि हे तीन गट सांगा.

कारणांच्या परिच्छेदात दोन गोष्टी राहू देऊ नका. फ्रेझर मुलगे यिमान मुलींना जबरदस्तीने नेत, आणि आई मार्थाने त्याबद्दल पोलीस अधिकाऱ्याकडे काळजी बोलून दाखवली होती, हे नंतरच्या साक्षींत आलंय. आणि गुरं भाल्याने मारल्याबद्दल यिमानांना आधीच गोळ्या घातल्या गेल्या होत्या. २७ ऑक्टोबरला गोष्ट सुरू केली की पुढचं सगळं ‘प्रत्युत्तर’ वाटायला लागतं.

‘नामशेष झाले’ हे साफ चूक. २०१६ मध्ये फेडरल कोर्टाने याच भागात इमान लोकांचा जमिनीवरचा मूळ हक्क मान्य केला, आणि तो मागायला वंशज हजर होते. ‘नामशेष’ हे जुन्या स्थानिक इतिहासकारांचं लाडकं विधान, एकाकडून दुसऱ्याने उचललेलं.

शंकासुर

सगळं वाचलं. तरी एक प्रश्न विचारतोच, कारण लेखाखाली कोणी ना कोणी विचारणारच आहे. एकट्या क्वीन्सलँडमध्ये ६५ हजार मारले असा आकडा फिरतो. इतकी माणसं मेली तर हाडं कुठे आहेत? आणि ज्याचे कागदच नाहीत त्याचा आकडा थेट दहाच्या घरापर्यंत, ६५,१८०, कसा सांगतात? २००२ च्या सुमारास कीथ विंडशटल या ऑस्ट्रेलियन लेखकाने हेच मुद्दे काढले होते ना?

त्रैराशिक

विंडशटलचा वाद मुख्यतः टास्मानियावर होता, तळटिपा तपासायच्या, नोंद नसेल तर मृत्यू मोजायचा नाही, अशा पद्धतीचा. काही तळटिपा खरंच चुकीच्या निघाल्या. पण जिथे नोंद करणाऱ्यालाच नोंदीची भीती आहे तिथे ‘नोंद नाही = घडलं नाही’ हे समीकरण चालत नाही. असो, ६५,१८० कडे येतो.

हा रेमंड एव्हान्स आणि रॉबर्ट अर्स्टेड-जेन्सन या इतिहासकारांचा २०१४ चा अंदाज. मोजणी नाही, गुणाकार आहे, आणि गुणाकार म्हणूनच वाचायचा. नेटिव्ह पोलिसांचे ८५ तळ धरले, प्रत्येक सरासरी सात वर्षं चाललेला. सगळे मिळून ५९६ तळ-वर्षं. महिन्याला एक गस्त, म्हणजे ५९६ × १२ = ७,१५२ गस्ती. हाती उरलेल्या मासिक अहवालांवरून साधारण दोन गस्तींमागे एक ‘पांगवणं’ धरलं तर ३,४२०. दर वेळी सरासरी १२ मृत्यू. ३,४२० × १२ = ४१,०४०. हे फक्त पोलिसांचं. बाकीचे मुख्यतः स्टेशनवाल्यांच्या खासगी हल्ल्यांतले. शेवटचा ‘१८०’ हा अचूकपणा नाही, गुणाकाराचा उरलेला धागा आहे. लेखात ‘सुमारे ६५,०००’ लिहा. तुलनेला, क्वीन्सलँडमधल्या या संघर्षात मारल्या गेलेल्या गोऱ्यांचा आणि त्यांच्या माणसांचा अंदाज सुमारे १,५००.

यातला कच्चा दुवा कोणता? तळ नाहीत, गस्तीही नाहीत. तळ पुरातत्त्वज्ञांनी जमिनीवर शोधून काढलेत, गस्त हे दलाचं रोजचं काम होतं. कच्चा दुवा आहे तो १२. मोठ्या घटना लिहिल्या जातात, छोट्या विसरल्या जातात, म्हणून उरलेल्या नोंदींची सरासरी वर ओढली गेलेली असू शकते. १२ च्या जागी ६ घातलं तर पोलिसांचे २०,५२० होतात. निम्मं केलं तरी हे क्वीन्सलँडच्या एका दलाचे आकडे आहेत, एवढं शंकासुरांनी लक्षात घ्यावं.

याच्या अगदी उलट पद्धत म्हणजे न्यूकॅसल विद्यापीठाचा हत्याकांडांचा नकाशा (न्यू साउथ वेल्समधलं न्यूकॅसल, इंग्लंडमधलं नव्हे). लिंडल रायन यांनी २०१७ मध्ये तो पहिल्यांदा खुला केला. काळ १७८८ ते १९३०. एका कारवाईत सहा किंवा जास्त निःशस्त्र, बचाव करू न शकणारी माणसं मारली गेली असतील तरच नोंद. सहाच का? एका चुलीभोवती राहणारा गट साधारण वीस जणांचा. त्यातले सहा एका फटक्यात गेले म्हणजे तीस टक्के, आणि उरलेल्यांना शिकार, अन्न गोळा करणं, मुलं सांभाळणं काहीच धड जमत नाही. प्रत्येक नोंदीला पुराव्याच्या ताकदीप्रमाणे एक ते तीन तारे आहेत. चारशेहून जास्त ठिकाणं आणि दहा हजारांहून जास्त मृत्यू. ही तळची रेघ आहे: पाच जण मारले तर नकाशात नाही, दहा वेळा पाच-पाच मारले तरी नाही.

दोन आकडे एकमेकांना खोडत नाहीत, वेगळ्या गोष्टी मोजतात. एकाच वाक्यात दोन्ही घालून ‘१० हजार ते ६५ हजार’ असा पल्ला मात्र बनवू नका. एक संपूर्ण देशाचा, दुसरा एका वसाहतीचा. आणखी एक: नकाशावरचे बिंदू मुद्दाम ढोबळ ठेवलेत, जागांची नासधूस होऊ नये म्हणून. ते अक्षांश-रेखांश उचलून विकिपीडियाच्या चौकटीत टाकू नका.

कोरा_कागद

हाडांच्या प्रश्नाला मायऑल क्रीकच्या खटल्याइतकं चांगलं उत्तर दुसरं नाही, कारण तिथे सगळं शपथेवर नोंदलेलं आहे.

१० जून १८३८, रविवार. न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेला, आजच्या बिंगाराजवळ, हेन्री डेंजरच्या स्टेशनवर विरायराय लोक काही आठवडे झोपड्यांजवळ मुक्कामाला होते. बारा घोडेस्वार आले, अकरा शिक्षा झालेले किंवा भोगून सुटलेले कैदी आणि बारावा वसाहतीत जन्मलेला जॉन फ्लेमिंग. त्यांनी लांब दोरीला बांधून सगळ्यांना नेलं. स्टेशनवरचा कैदी नोकर जॉर्ज अँडरसन याने सामील व्हायला नकार दिला. त्याने दोनच बार ऐकले. बाकी काम तलवारींनी झालं. म्हणजे गोळ्यांच्या पुंगळ्या शोधणारा पुरातत्त्वज्ञ इथे आला असता तर त्याला काही मिळालं नसतं. दोन दिवसांनी तीच माणसं परत आली आणि प्रेतं लाकडं घालून जाळली.

स्टेशनचा मुकादम विल्यम हॉब्स काही दिवसांनी परतला. त्याने मोजायचा प्रयत्न केला. साक्षीत तो सांगतो की मोजू तेव्हा वेगळा आकडा येई, जास्तीत जास्त २८ आला. आज स्मारकावर, पुस्तकात, सगळीकडे जो ‘किमान २८’ दिसतो तो हा: अर्धवट जळलेल्या ढिगाभोवती फिरत एका माणसाने केलेली मोजणी. पोलीस दंडाधिकारी एडवर्ड डेनी डे तिथे पोचेपर्यंत मोठे अवशेष हलवलेले होते, हाडांचे तुकडे उरले होते. इतकं सगळं दीड-दोन महिन्यांत, आणि तेही अशा जागी जिथे साक्षीदार बोलायला तयार होता. जिथे कोणी बोललं नाही आणि वर दीडशे वर्षं डिंगो (तिथले रानकुत्रे), वणवे आणि पूर गेले, तिथे हाडं मागायची हे जरा जास्तच झालं.

खटल्याचा तांत्रिक भाग तुमच्या लेखालाही उपयोगी आहे. १५ नोव्हेंबरला अकरा जणांवर ‘डॅडी’ नावाच्या धिप्पाड म्हाताऱ्याच्या खुनाचा आरोप ठेवला. प्रेत त्याचंच, हे सिद्ध होईना. ज्युरीने पाव तासाच्या आसपास वेळ घेऊन सगळ्यांना सोडलं. महाधिवक्ता प्लंकेटने हार न मानता त्याच महिन्यात सात जणांवर नवं आरोपपत्र ठेवलं, या वेळी एका लहान मुलाच्या खुनाचं. ते टिकलं आणि १८ डिसेंबरला सातही फाशी गेले. उरलेल्या चौघांविरुद्ध प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार होता, डेव्ही नावाचा मूलनिवासी. पण ख्रिस्ती नसलेल्याची शपथ धरत नाहीत, म्हणून साक्ष नाही. चौघे सुटले. फ्लेमिंग सापडलाच नाही. न्यू साउथ वेल्समध्ये मूलनिवासींची साक्ष विनाशपथ घ्यायची सोय १८७६ मध्ये झाली, म्हणजे तुमच्या १८५७ च्या घटनेत एकही यिमान माणूस कोर्टात उभा राहून काही सांगू शकत नव्हता. हे वाक्य लेखात टाका. पुराव्याची पोकळी कुठून आली ते एका ओळीत कळतं.

फाशीनंतर मारणं थांबलं नाही, पद्धती बदलल्या. १८४२ मध्ये किलकॉय स्टेशनवर आर्सेनिक घातलेलं पीठ देऊन किमान तीसेक जणांना मारल्याचं मानलं जातं. मेंढ्यांच्या खरजेवर आर्सेनिक हे त्या काळी स्टेशनवर ठेवलेलंच असे. विष कुणाकडे होतं, या प्रश्नाला अर्थच नव्हता.

जागांची नावंही वाचा. स्लॉटरहाउस क्रीक (कत्तलखान्याचा ओढा), मर्डरिंग गली (खुनाची घळ), स्कल होल (कवट्यांचा खड्डा). ती पुरावा नाहीत, पण कुठे खणून बघायचं याचा इशारा नक्की आहेत.

आडवाट

तोंडी परंपरेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. कॉनिस्टन, १९२८. फ्रेड ब्रुक्स या डिंगो पकडणाऱ्याच्या खुनानंतर कॉन्स्टेबल विल्यम मरेच्या तुकड्यांनी ऑगस्ट ते ऑक्टोबर वॉर्लपिरी, अनमाजिरे आणि काइटिश लोकांवर गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा ३१: आधी १७, नंतर १४. चौकशी मंडळाने सगळं स्वसंरक्षण ठरवलं. मंडळात मरेचा वरिष्ठच सदस्य होता. वॉर्लपिरी लोकांनी सांगितलेल्या जागा मात्र मरेच्या अहवालापेक्षा बऱ्याच जास्त आहेत, आणि ती माणसं तिथल्या पाणवठ्यांची नावं घेऊन सांगतात. आज साठहून अधिक धरतात, काहींचा अंदाज १०० च्या पुढे. २०१८ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीच्या पोलीस आयुक्तांनी माफी मागितली.

तपासायची एक साधी खूण: अहवालात मृत भरपूर, जखमी जवळजवळ नाहीत, पकडलेले एक-दोन. मरेच्या अहवालांत असंच आहे. खऱ्या चकमकीत असं होत नाही.

लेखाच्या वर एक ओळही घाला, मृत मूलनिवासींची नावं यात आहेत अशी. त्यांच्या बऱ्याच समाजांत मेलेल्याचं नाव घेत नाहीत आणि तिकडच्या छापील, दूरचित्रवाणी मजकुरात ही सूचना देण्याची पद्धत आहे.

दप्तरदिरंगाई

सर्वांचे आभार. परिच्छेद असा बदललाय:

‘यानंतरच्या महिन्यांत नेटिव्ह पोलिसांच्या तुकड्या, स्टेशनवाल्यांचा ‘द ब्राउन्स’ हा जथा आणि बडतर्फ अधिकारी फ्रेडरिक वॉकरचे खासगी दल यांनी डॉसन खोऱ्यातील यिमान लोकांना गोळ्या घातल्या. सरकारी कागदांत याला ‘पांगवले’ असे म्हटले आहे. मृतांचा अंदाज १५० ते ३०० किंवा अधिक असा दिला जातो. खासगी गटांनी मारलेल्यांची सरकारी नोंद नाही आणि मूलनिवासींची साक्ष त्या वेळी न्यायालयात ग्राह्य नव्हती. या चकमकींनंतर वाचलेले यिमान आसपासच्या प्रदेशात विखुरले. त्यांचे वंशज आजही आहेत.’

मोडीवाचक

चांगलं झालंय. ‘या चकमकींनंतर’ तेवढं काढा, ‘या हत्यांनंतर’ करा. वर तीन ओळी गोळ्या घातल्या म्हणून लिहिलंत आणि खाली परत चकमक आली. ‘विखुरले’ सुद्धा बघा. ते ‘डिस्पर्स्ड’च आहे, मागच्या दाराने आलेलं. ‘परागंदा झाले’ लिहा.